मुंगळ्याच्या मुंग्या

माझ्या मुलाला कशाची किळस येते आणि कशाची येत नाही, हा विचार चार दिवस झाले माझ्या डोक्यातून जात नाही. कपडे वाळत घालताना तोच, दात घासताना तोच. आज सगळे झोपल्यावर वही काढून बसले आहे. लिहिल्याने उत्तर सापडेल असं नाही, पण निदान गुंता हातात तरी येईल.

मुलाला घरात नाना म्हणतात. जन्मला तोच कपाळाला आठ्या घालून, या घरात काहीच जागच्या जागी नाही अशी तक्रार असल्यासारखा. नर्सच म्हणाली, घ्या, तुमचे नाना आले. तेव्हापासून तो नाना. आज चौतीस वर्षांचा आहे आणि आठ्या तशाच आहेत.

लहानपणी त्याला साऱ्या जगाची शिसारी यायची. दुधावर साय दिसली की उमासे काढायचा. मी दूध दोनदा गाळून देत असे, तरी प्यायच्या आधी पेल्यात डोकावून बघायचा, आत कुणी दबा धरून बसलंय का म्हणून. केस दिसला तर ताट सोडून उठायचा. आणि उष्टं तर कुणाचंच नाही. माझंसुद्धा नाही. बापाने लाडाने अर्धा घास पुढे केला तर तो हातात धरून ठेवायचा आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून टेबलाखाली सोडायचा. माझी सासू म्हणायची, हा पोरगा राजाच्या घरचा, चुकून आपल्याकडे पडला. मी मनातून सुखावायचे. स्वच्छतेची आवड आहे, चांगलंच आहे, असं वाटायचं.

त्याचा शाळेतला मित्र नेमका उलटा. त्याला सगळे मुंगळा म्हणत. लांब काटकुळे हातपाय, सतत वळवळ, आणि एकदा चिकटला की तुटेल पण सुटणार नाही अशी जात. त्याची आई लवकर गेली, वडील फिरतीवर, थोरली बहीण कॉलेजात. त्यामुळे शाळा सुटली की तो थेट आमच्याकडे यायचा. नानाने ताटात टाकलेलं सगळं तो निपटून खायचा. मी म्हणे, अरे, तुला वेगळं वाढते की. तर म्हणे, "वाया कशाला घालवायचं काकू, नाना काही कुत्रा नाहीये."

स्वयंपाकघराच्या दाराशी एक भिंत होती, तिच्यावर मी दर वाढदिवसाला पेन्सिलीने नानाची उंची मांडायचे. मुंगळा समोरच असायचा, मग त्याचीही मांडायला लागले. तेरा वर्षांपर्यंत नाना दोन बोटं वर. चौदाव्या वर्षी मुंगळा पुढे गेला आणि नानाने त्यानंतर मोजूच दिलं नाही.

त्या वर्षांतच आमच्या ह्यांनी घरात कॉम्प्युटर आणला आणि दोघांना तो खेळ सापडला. डोंगराखालचं एक गाव, त्यात खाणी, घंटेचा मनोरा, एक खाणावळ, कुणीतरी हरवलेलं आणि कुणीतरी ते शोधणारं. मी शेजारी बसून बटणं शिवत बघायचे. खेळ छान होता, पण चित्रं अगदी ओबडधोबड. भिंत म्हणजे तपकिरी डाग, माणसाचं तोंड म्हणजे बटाटा. मुंगळा पडद्याला नाक लावून म्हणायचा, हे दगड खरे दगडासारखे असते तर काय मजा आली असती.

पोरं मोठी झाली की असल्या गोष्टी विसरतात. मुंगळा विसरला नाही. दिवसा तो एका पाट्या रंगवणाऱ्याकडे कामाला होता. दुकानांच्या पाट्या, गाड्यांचे नंबर, जे येईल ते. बाकीच्या वेळात त्याने त्या खेळाची चित्रं बदलायला घेतली. असे खेळ आवडणारे लोक जगभर असतात, ते आपापल्या हौसेने जुन्या चित्रांच्या जागी नवी चित्रं करतात आणि फुकट वाटतात. त्याला मॉड म्हणतात. भिंतीला, दाराला, अंगरख्याला जे चित्र गुंडाळतात त्याला टेक्स्चर. मी आपली कातडं म्हणते, कारण ते तसंच ओढून बसवतात. मुंगळ्याने नऊ वर्षांत अकराशे कातडी केली. काही हाताने रंगवली, बरीचशी खऱ्या वस्तूंचे फोटो काढून. कॅमेरा घेऊन तो ढगाळ दिवशीच बाहेर पडायचा. उन्हात फोटो काढला तर सावली कायमची चिकटते म्हणे, मग ती मनोऱ्यातही तशीच पडते आणि रात्रीसुद्धा जात नाही.

एका ढगाळ दुपारी तो आमच्याकडे आला आणि म्हणाला, "काकू, तुमची भिंत पाहिजे."

मी म्हटलं, घेऊन जा, येताना रंग देऊन आण. तो तासभर गुडघ्यांवर बसून फोटो काढत होता. त्या खेळातल्या खाणावळीच्या दाराशी आमची भिंत लागली, पेन्सिलीच्या खुणांसकट. पुढे ह्यांनी खरी भिंत रंगवून टाकली. मी गावाला गेले होते, मला सरप्राइज द्यायचं होतं त्यांना. दिलं.

आणि प्रत्येक चित्रात मुंगळा एक मुंगी काढायचा. ती त्याची सही. कुठे बिजागरीवर, कुठे राजाच्या चपलेवर, कुठे पिंपाच्या कडेला. लोक नुसत्या मुंग्या शोधायला तो खेळ पुन्हा खेळले असं नानाच सांगायचा, तेव्हा अभिमानाने सांगायचा. काम पुरं झालं तेव्हा मुंगळ्याने मला एक डिस्क आणून दिली, आत चौकोनी घडी घातलेला कागद. "तुमच्या भिंतीची पावती," म्हणाला. आमच्याकडे ती कोण लावणार. मी शिवणयंत्राच्या खणात ठेवून दिली.

तीन वर्षांपूर्वी त्याला अर्धांगाचा झटका आला. एकतिसाव्या वर्षी. उजवा हात गेला, बोलणं अडखळायला लागलं. बहिणीने त्याला आपल्या घरी नेलं. आम्ही तिघं भेटायला गेलो. खोलीत औषधाचा आणि आंबट असा काहीतरी वास होता. त्याच्या हनुवटीखाली रुमाल बांधलेला होता आणि बोलायचा प्रयत्न केला की त्यावर लाळ ओघळायची. नाना पूर्ण वेळ दाराच्या चौकटीला पाठ लावून उभा होता. घरी आल्यावर त्याने कोपरापर्यंत हात धुतले, शर्ट भिजत घातला आणि एवढंच म्हणाला की वास येत होता.

मी तरी कुठली मोठी लागून गेले. बहिणीने चहा दिला, मी अर्धा प्यायले आणि अर्धा तसाच ठेवला. कप धुतलेला होता, सगळं स्वच्छ होतं. तरी नाही गेला. निघताना सांगितलं की पुढच्या आठवड्यात येते, आणि गेले नाही. दोनदा फोन केला. दुसऱ्या वेळी बहिणीने त्याच्या कानाला लावून दिला, मी हॅलो हॅलो करत राहिले, पलीकडे नुसती शांतता. वाटलं लाईन कट झाली, म्हणून ठेवला. नंतर बहीण म्हणाली, "कट नव्हती झाली काकू. तो शब्द जुळवत होता. थांबायचं असतं." मग मला पुन्हा करायची लाज वाटली आणि त्या लाजेची तीन वर्षं झाली.

आता नानाचं सांगते. नाना फोटो-झेरॉक्सच्या दुकानात आहे, पासपोर्ट फोटो तोच करतो. कामात हुशार. लोक येतात तेव्हा त्यांना चामखीळ असते, डोळ्यांखाली काळं असतं, जाताना काही नसतं. गिऱ्हाईक खूश. माझ्या ओळखपत्राचा फोटो त्यानेच काढला आणि माझ्या हनुवटीवरचा तीळ काढून टाकला. बँकेतली मुलगी एकदा फोटो बघे, एकदा मला बघे. शेवटी म्हणाली, आजी, हा तुमच्या धाकट्या बहिणीचा आहे का. घरी येऊन मी नानाला विचारलं की तीळ का काढलास. तर म्हणाला, "बरा दिसत नव्हता." एकोणसाठ वर्षं तो तीळ माझ्या तोंडावर आहे, कुणाचं काही अडलं नव्हतं.

लग्न नाही, व्यसन नाही, आवाज चढवणं नाही. आमचे हे म्हणतात, अजून काय पाहिजे तुला. दुकानातून आला की खोलीत जातो. तिथे दोन पडदे, एक खुर्ची, आणि चोवीस तास घरघरणारा तो डबा. कपबशी तो बाहेर आणून ठेवतो, पलंगाची चादर ताणलेली असते. मी झाडायला गेले तर झाडायला काही नसतं.

गेल्या थंडीत मी मटार सोलत बसले होते, तेव्हा तो समोर येऊन बसला. असा तो बसत नाही, म्हणून मी लगेच ताठ झाले. म्हणाला, आई, तुझं लिहिणं चांगलं आहे, मुंगळ्याला एक पत्र लिहून दे. त्याची चित्रं आता फार लहान वाटतात, नव्या पडद्यांवर फुटतात, ती मोठी करायची परवानगी मागायची आहे. मला इतका आनंद झाला की विचारू नका. माझं पोरगं आपणहून मित्राला पत्र लिहितंय. मी हात पुसून तिथल्या तिथे सांगायला बसले. तू एवढं मन लावून केलेलं काम नव्या लोकांपर्यंत पोचावं अशी इच्छा आहे, तुझ्या होकाराशिवाय बोटही लावणार नाही, वगैरे. शेवटी माझ्याकडून घातलं की काकू आठवण काढते. नानाने ते ओठ आवळून टाइप केलं. एक शब्द बदलला नाही.

उत्तर आलं नाही. मी दोन-तीनदा विचारलं. शेवटी मला मुंगळ्याचाच राग आला. म्हटलं, हात गेला असेल, बहीण आहे ना, दोन ओळी तिच्याकडून लिहून घेता येत नाहीत? एवढा कसला ताठा? मी हे मोठ्याने बोलले होते आणि नानाने मान हलवली होती.

साठ दिवस झाल्यावर नानाने काम सुरू केलं. काम म्हणजे काय, ते मला त्यानेच दाखवलं. चित्र एका प्रोग्रॅमला द्यायचं, तो ते चौपट मोठं करतो. मोठं केलं की मध्ये जागा रिकाम्या राहतात, तिथे काय असेल याचा तो अंदाज करतो आणि भरतो. याला अपस्केल करणं म्हणतात. अकराशे चित्रं एका रात्रीत होतात, माणसाने झोपलं तरी चालतं. मग सगळी नव्या पेटीत भरायची, वर नवं नाव लावायचं. तो झाला पॅक. नानाचा पॅक महिन्याभरात हजारो लोकांनी उतरवून घेतला. आमचे हे सोसायटीत ज्याला त्याला सांगत सुटले की आमच्या नानाने अख्खं गाव बांधलं.

चार दिवसांपूर्वी मला त्याने खोलीत बोलावलं. "बघ, तुझी भिंत," म्हणाला. पडद्यावर मध्ये एक रेघ होती. ती डावीकडे सरकवली की नवं दिसायचं, उजवीकडे सरकवली की जुनं. जुन्यात आमची भिंत होती. पोपडे, तेलाचा डाग, खुणा, आणि सर्वांत वरच्या खुणेवर चढत असलेली एक मुंगी. त्याने रेघ सरकवली. नव्यात भिंत गुळगुळीत होती, पण रंग दिल्यासारखी नव्हे. भाजून बरी झालेली कातडी असते ना, ताणलेली, चकचकीत, तिच्यावर लव येत नाही, तशी. पोपड्यांच्या जागी बारीक सुरकुत्या. तेलाच्या डागाचं कसलासा वळ उठल्यासारखं झालं होतं. खुणा नव्हत्या. मुंगी नव्हती.

मी विचारलं, खुणा कुठे गेल्या. त्याने खांदे उडवले आणि मोकळेपणाने सगळं सांगितलं, त्याच्या लेखी त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. मुंग्या काढून टाकायच्या होत्या. आधी एकेक करून हाताने पुसल्या, तीन आठवडे, तीनशे-चारशे. ज्या मुलाने आयुष्यात एक वही शेवटच्या पानापर्यंत लिहिली नाही, त्याने तीन आठवडे बसून मुंग्या पुसल्या. मग कंटाळून प्रोग्रॅमलाच मुंगी दाखवली आणि सांगितलं, असलं काही दिसेल ते काढ. त्याने लहान, काळं, बारीक असेल ते सगळं काढलं. खिळे गेले, कुलपांची भोकं गेली, कोटांची बटणं गेली, आमच्या खुणा गेल्या. आणि गावातल्या माणसांची बुबुळं गेली. सगळं गाव पांढऱ्या डोळ्यांनी हिंडायला लागलं. लोकांनी बोंब मारली तेव्हा नानाने घाईघाईत एकच बुबुळांची जोडी सगळ्यांना चिकटवली. त्याने मला बाजाराचा चौक दाखवला. वीस-पंचवीस माणसं, भाजीवाली, लोहार, भिकारी, सगळे एकाच बाजूला, किंचित वर, बघताहेत.

"आता बरंय ना?" नाना म्हणाला.

मला खरोखर उमासा आला. मी गॅस चालू आहे असं सांगून उठले.

काल संध्याकाळी कागद आला. त्या जुन्या खेळाची कंपनी तो नव्याने काढणार आहे आणि नानाचा पॅक त्यात घालणार आहे, करणाऱ्याच्या नावासकट. पैशाचं काही नाही, नाव मात्र खेळ संपल्यावर पडद्यावर येणार. कागदावर नानाने लिहून द्यायचं आहे की मूळ चित्रं करणाऱ्याकडे परवानगी मागितली होती, त्याने ठरलेल्या मुदतीत उत्तर दिलं नाही, आणि त्याच्या सगळ्या अटी पाळल्या आहेत. खाली साक्षीदाराची सही. पत्र मी लिहिलं म्हणून साक्षीदार मी. उद्या दुपारी बाराच्या आत पाठवायचं. ह्यांनी पेन शोधून दिलं, चष्मा आणून दिला. मी म्हटलं, नीट वाचून करते.

अटी हा शब्द मला टोचला. कुठल्या अटी, विचारल्यावर नाना म्हणाला, काही नाही गं, साठ दिवसांची. आज दुपारी मी शिवणयंत्राचा खण उपसला. डिस्क होती आणि आतला कागदही होता. मुंगळ्याचं पाटीवरच्यासारखं टपोरं अक्षर. लिहिलंय: "ही चित्रं कुणालाही घ्या. बदलायची असतील तर मला विचारा. साठ दिवसांत माझं उत्तर आलं नाही तर मी मेलो किंवा माझं लग्न झालं असं समजा आणि खुशाल बदला. फक्त मुंग्या राहू द्या."

संध्याकाळी नाना दुकानातून आला तेव्हा मी तो कागद टेबलावर त्याच्या चहाशेजारी ठेवला. त्याने उचलला नाही. म्हणजे पाठ होता.

"शेवटची ओळ वाच," मी म्हटलं.

"आई, चौपट मोठं केलं की मुंगीचं झुरळ होतं. अकराशे झुरळं ठेवू का?"

"हे त्याला सांगायचंस."

"विचारलं होतं की. तूच लिहून दिलंस."

"कुठे पाठवलंस ते?"

"त्याच्या पत्त्यावर. मॉडसोबत जो दिलाय त्या मेलवर. तिथेच पाठवायचं असतं, तसा नियम आहे."

"तो बघतो का तिथे?"

"झटका आल्यापासून नाही बघितलेलं." आणि मग, मी चुकीचं ऐकलं असतं तर बरं झालं असतं, "म्हणूनच तर."

आमचे हे पेपर वाचत होते, त्यांनी पेपर खाली घेतला नाही, पण पान उलटणं थांबलं.

मी म्हटलं, बहिणीचा नंबर फ्रीजच्या दारावर तीन वर्षं चिकटवलेला आहे, पाणी पिताना रोज तुझ्या नाकासमोर येतो. नाना म्हणाला की फोनवर त्याला बोलता येत नाही. "आणि ते सगळं ऐकवत नाही गं मला. तो घशातला आवाज." हे म्हणताना त्याचं तोंड झालं ते मी ओळखलं. सायीचं तोंड. तेच, जसंच्या तसं, चौतिसाव्या वर्षी.

मग त्याने आपली बाजू मांडली, आणि ती अगदीच टाकाऊ नव्हती, हे लिहायला हवं. म्हणाला, कुणी बघत नव्हतं आता मुंगळ्याची चित्रं. ती लहान होती, जुनी होती, पडून होती. मी हात लावला म्हणून ती जगली. मी विचारलं, मग त्याचं नाव का नाही घातलंस, तुझ्या नावाशेजारी. तर तो मला लहान मुलीला समजावतात तसं समजवायला लागला. नाव घातलं तर कंपनी त्याची सही मागेल. सही करायला त्याला हात नाही. मग सगळंच अडकेल. त्यापेक्षा नाव नसलेलं बरं, कुणालाच त्रास नाही.

"अरे, तू कुणाचं उष्टं खात नव्हतास," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे बघितलं, आठ्या घालून. "खाण्याचा काय संबंध?"

खरंच कळलं नव्हतं त्याला. सोंग असतं तर मला इतकं लागलं नसतं. चहा संपवला, कप विसळून पालथा घातला आणि खोलीत गेला. जाताना आठवण केली, बाराच्या आत हं.

हे झोपायच्या आधी म्हणाले, सही करून टाक, पोराचं नाव होतंय, मुंगळ्याला आता त्याचं काय. मी म्हटलं, तुम्ही भिंत रंगवलीत तेव्हाही असंच म्हणाला होतात. त्यांनी कूस बदलली. मग अंधारातूनच म्हणाले, तेव्हा मला खुणा आहेत हे लक्षात नव्हतं. मला वाटतं ते खरंच असेल.

मघापासून मी स्वतःलाही विचारते आहे की ही नजर त्याला कुणी दिली. दूध दोनदा गाळून कुणी दिलं. खोलीतला वास आला तेव्हा अर्धा कप कुणी ठेवला. नाना चौकटीला टेकून बघत होता, त्याला तो कप दिसला असणारच. मला त्याची किळस येते आहे, माझ्या पोटच्या पोराची, आणि तिच्यात माझाही वाटा कालवला गेला आहे, तो वेगळा करता येत नाही.

कागद माझ्यासमोर आहे. साक्षीदाराच्या जागी रेघ मारलेली आहे, तिच्यावर काही नाही. तिच्यावर काही लिहिण्याआधी मी मुंगळ्याच्या उत्तराची वाट बघणार आहे. साठ दिवसांत त्याने उत्तर दिलं नाही असं लिहिलंय, पण त्याला अजून कुणी विचारलेलंच नाही.

बहीण आठला कामाला निघते, तेव्हा फोन साडेसातला. नाना त्या वेळी चहाला बसलेला असतो, त्याला उठू द्यायचं नाही. फोन स्पीकरवर ठेवून टेबलाच्या मधोमध, कागदावरच ठेवीन. आधी मी माझ्या अर्ध्या कपाचं बोलेन, ते दुसऱ्या कुणासाठी नाही. मग सरळ विचारेन, नानाने तुझी चित्रं मोठी केली, मुंग्या काढल्या, नाव काढलं, चालेल का तुला. तो कदाचित खुशाल करा म्हणेल, तसा तो आहे. मग त्याचं नाव वर आणि मुंग्या जागच्या जागी, एवढं नाना आमच्यादेखत कबूल करेल तरच माझी सही. मुंगळा नाही म्हणाला तर नाही असं मी त्याच रेघेवर स्वच्छ अक्षरात लिहीन आणि बाराच्या आत पाठवायला नानाकडेच देईन.

विचारल्यावर पलीकडे शांतता होईल. मिनिटभर होईल, दोन मिनिटं होईल. घशातला आवाज येईल, तो आम्ही तिघंही ऐकू. लाईन कट झाली असं हे म्हणतील, नाना तर नक्कीच म्हणेल. मी फोनवर हात ठेवून बसेन. नंबर मला बघावा लागणार नाही, तरी फ्रीजवरून चिठ्ठी काढून वहीत घालून ठेवली आहे.